कॉट्सवोल्ड्समधली पहिली पायपीट: नकाशा, पायवाट आणि गावाचा इतिहास

इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी माणसाला इथले खेडे बहुधा आगगाडीच्या खिडकीतूनच दिसते. हिरवी कुरणे, मेंढ्या, चर्चचा मनोरा, पुन्हा कुरणे. त्या कुरणांमधून कोणाचीही परवानगी न घेता, कायद्याच्या पूर्ण आधाराने चालत जाता येते, हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते, मलाही नव्हते. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. त्यात एकच प्रदेश आणि एका दिवसाची एकच वाट मुद्दाम घेतली आहे, कारण पहिल्या खेपेला अनेक ठिकाणांची यादी कामाला येत नाही. एखादी वाट घरून निघण्यापासून परत येईपर्यंत कशी चालायची आणि चालता चालता तिच्यातला इतिहास कसा ओळखायचा, हे कळणे जास्त उपयोगाचे असते.

प्रदेश आणि दिवस

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, मुख्यतः ग्लॉस्टरशर परगण्यात पसरलेल्या चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांना कॉट्सवोल्ड्स म्हणतात. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९६६ पासून सरकारी संरक्षण आहे. जुरासिक काळात समुद्राच्या तळाशी साचलेला मधाच्या रंगाचा दगड इथे थोडे खणले की लागतो. घराच्या भिंती त्याच्या, छपरावरच्या पातळ फरशा त्याच्या आणि शेताच्या कडेने चुन्याशिवाय रचलेल्या भिंतीही त्याच्याच. कोकणातला गडगा ज्याने पाहिला आहे, त्याला त्या भिंतींची ओळख करून द्यावी लागत नाही. फरक इतकाच, की कोकणातला गडगा जांभ्याचा असतो. मध्ययुगात या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर युरोपभर विकली जात असे. लहानशा गावात मोठे देखणे चर्च दिसले, तर त्यामागे बहुधा लोकरीच्या व्यापाऱ्याचा पैसा आहे असे समजावे. चिपिंग कॅम्पडनच्या चर्चमध्ये १४०१ साली वारलेल्या विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याच्या कबरीवर पितळी पत्रा आहे, आणि त्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचे फूल म्हटले आहे.

पहिल्या चालीसाठी मोटार लागू नये, हा माझा आग्रह आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून मोरटन-इन-मार्शला थेट गाडी मिळते आणि प्रवास साधारण दीड ते पावणेदोन तासांचा होतो. हा लोहमार्ग जून १८५३ मध्ये सुरू झाला. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी.

ऋतूच्या बाबतीत घाई करू नये. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि शेतातली वाट दिसेनाशी होते. एप्रिलचा शेवट ते सप्टेंबर हा काळ नवख्यांना चांगला. पाऊस बाराही महिने असतो, म्हणून पाऊस नसलेला दिवस शोधत बसू नये. आदल्या आठवडाभर किती पडला आहे तेवढे पाहावे, कारण इथे भिजण्यापेक्षा चिखलाचा त्रास अधिक होतो.

नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे ही इथली सरकारी नकाशासंस्था १७९१ पासून काम करते. तिच्या नकाशांच्या दोन मालिका दुकानात मिळतात. गुलाबी वेष्टनाच्या लँडरेंजर मालिकेचे प्रमाण १:५०,०००, तर केशरी वेष्टनाच्या एक्सप्लोरर मालिकेचे १:२५,०००, म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. चालणाऱ्याने केशरीच घ्यावा. त्यात शेताशेताची कुंपणे बारीक काळ्या रेषांनी दाखवलेली असतात, गुलाबीत ती नसतात. आणि शेतात उभे राहिल्यावर वाट कुंपणाच्या अलीकडून जाते की पलीकडून, हाच प्रश्न दर दहा मिनिटांनी पडतो. आपल्या वाटेसाठी ओएल ४५ या क्रमांकाचा नकाशा लागेल.

घरी टेबलावर नकाशा पसरून तीन गोष्टी ओळखायला शिकाव्यात. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फक्त पायी जाण्याची सार्वजनिक वाट, आणि हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे घोडा व सायकल यांनाही मोकळी असलेली वाट. तपकिरी रेषा समान उंचीच्या. त्या जवळ जवळ आल्या की चढ तीव्र आहे. काळा चौकोन आणि त्यावर क्रूस म्हणजे मनोरा असलेले चर्च, काळे वर्तुळ आणि क्रूस म्हणजे टोकदार शिखर किंवा घुमट असलेले. हे शेवटचे चिन्ह क्षुल्लक वाटते, पण धुक्यात दूरवर दिसणारा मनोरा कोणत्या गावाचा हे त्यावरूनच ठरते. प्राचीन अवशेषांची नावे जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत छापलेली असतात, तेव्हा त्या अक्षरांवर बोट ठेवत गेले तरी इतिहासाची अर्धी यादी हाताशी येते.

भ्रमणध्वनीवरचा नकाशा सोबत असावा, पण एकटा नसावा. माझ्या पहिल्या चालीत दुपारी तीन वाजता माझा फोन बंद पडला आणि पुढचा दीड तास मी एकाच ओढ्याला तीनदा ओलांडत होतो. कागदाला चार्जर लागत नाही.

वाटेचा हक्क

आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता म्हणतात, त्याच कल्पनेवर इथली सार्वजनिक पायवाट उभी आहे. जमीन शेतकऱ्याचीच असते. तिच्यावरून जाण्याचा हक्क लोकांचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसे चर्चला, गिरणीला, बाजाराला ज्या रेषेवरून गेली, ती रेषा हक्काची झाली. एकदा मिळालेला हा हक्क वाट वापरात नसली म्हणून आपोआप बुडत नाही, आणि कायद्याने अमान्य केल्याखेरीज जमीनमालकाला तो काढून घेता येत नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार बंदी मोडून चालत गेले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. त्यानंतर १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले. केशरी नकाशावरच्या हिरव्या रेषा तिथून आल्या आहेत.

जमिनीवर या वाटा खांबांवरच्या आणि फाटकांवरच्या बाणांनी दाखवतात: पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण घोडा आणि सायकल यांनाही मुभा असलेला. वाट उभ्या पिकातून गेली तर बिचकू नये. शेतकऱ्याने नांगरणीनंतर ठरावीक मुदतीत ती पुन्हा मोकळी करून द्यायची असते, आणि आपण त्या रेषेवरून एकामागे एक चालायचे असते. पीक वाचवण्याच्या भल्या हेतूने बांधाबांधाने वळसा घेणे मात्र चूक, कारण त्या बांधावर आपला हक्क नसतो. वाट तारेने किंवा कुलपाने अडवलेली आढळली, तर शेतकऱ्याशी वाद घालू नये. जागा टिपून ठेवावी आणि परगण्याच्या कौन्सिलला कळवावे.

फाटक जसे सापडले तसे ठेवायचे. बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचे, उघडे बांधून ठेवलेले असेल तर उघडेच राहू द्यायचे. गुरांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणूनही ते उघडे ठेवलेले असू शकते. काही ठिकाणी फाटकाऐवजी कुंपणावर चढून उतरायची लाकडी किंवा दगडी पायरी असते, तिला स्टाइल म्हणतात. ओली असताना ती फार निसरडी होते.

गाईंबद्दल एक सूचना गंभीरपणे घ्यावी, कारण गाईच्या गरीबपणाविषयी आपल्या मनात एक समजूत पक्की असते. इथल्या कुरणातल्या गाई मोकळ्या, वजनदार आणि वासरू सोबत असेल तर फार सावध असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, घोळक्याला लांबून वळसा घालावा आणि पळू नये. कुत्रा सोबत असेल तर त्याला दोरीवर जवळ ठेवावे. पण गुरे अंगावरच आली तर त्याला सोडून द्यावे, तो स्वतःचा जीव वाचवतो.

आदल्या संध्याकाळचा अभ्यास

इतिहास वाटेवर गेल्यावर दिसेल असे समजून निघाले, तर फक्त सुंदर घरे दिसतात. आदल्या दिवशी दोन तास द्यावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे, इंग्लंडचेसुद्धा, फुकट पाहता येतात. आजच्या वाटेवरचे गाव त्यात शोधावे आणि काय नाहीसे झाले ते पाहावे: चुन्याची भट्टी, दगडाची खाण, विहीर, बुजलेली गल्ली. त्यानंतर व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या १८९९ साली सुरू झालेल्या प्रकल्पातला त्या गावावरचा मजकूर वाचावा. त्याचे अनेक खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर आहेत. गावाची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, चर्च कधी वाढवले, शेते कधी कुंपणबंद झाली, हे सारे त्यात अगदी रुक्षपणे दिलेले असते आणि म्हणूनच विश्वासाने घेता येते.

गावांच्या नावांवरही थोडा वेळ घालवावा. टन म्हणजे शेतवाडी. त्या अर्थाने मोरटन हे ओसाड पाणथळ माळावरची वाडी ठरते. चिपिंग म्हणजे बाजार, तेव्हा चिपिंग कॅम्पडनला आपण पेठ कॅम्पडन म्हटले तरी चालेल. ग्रेट रिसिंग्टन आणि लिटल रिसिंग्टन ही जोडी वाचून मला आधी आपले बुद्रुक आणि खुर्दच आठवले.

अंगावर आणि पाठीवर

घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट ही एकच खरी खरेदी आहे. पाणी अडवणारे जाकीट, एक जास्तीची मोज्यांची जोडी, नकाशा, शिट्टी, पाणी आणि डबा एवढे पुरे. उन्हाळ्यातही पाय झाकणारी विजार घालावी. वाटेच्या कडेला नेटल नावाची झुडपे असतात आणि त्यांचा स्पर्श खाजकुइलीची आठवण करून देतो. गवतातून आल्यावर घरी पायांवर गोचीड चिकटली आहे का तेही पाहावे. गावातल्या पबमध्ये जेवण मिळते, पण स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होते, आणि शाकाहारी माणसाला बटाट्याच्या चिप्सवर समाधान मानावे लागू शकते. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या दिवसभर टिकतात. अपघात झाला तर ९९९ वर फोन करून नकाशावरचा चौकटीचा क्रमांक सांगायचा असतो, म्हणून तो कसा वाचायचा हे नकाशाच्या समासात दिलेल्या सूचनेवरून आधीच शिकून घ्यावे.

प्रत्यक्ष वाट

वाट अशी आहे: मोरटन, लॉन्गबरो, सेझिनकोट, बोर्टन-ऑन-द-हिल, बॅट्सफर्ड आणि परत मोरटन. अंतर सुमारे बारा किलोमीटर. चालण्याचे चार तास आणि पाहण्याचे दोन धरावेत, आणि दहाच्या आत निघावे.

मोरटनचा रुंद, सरळ मुख्य रस्ता हा फॉस वे या रोमन मार्गाचाच भाग आहे. आजही मंगळवारी त्याच्या कडेला बाजार भरतो. कर्फ्यू टॉवर या छोट्या मनोऱ्यातली घंटा १६३३ ची आहे; पूर्वी रात्री चुली विझवण्याची वेळ झाली, हे ती सांगत असे. गावाच्या दक्षिणेकडून नैऋत्येला मोनार्क्स वे ही दीर्घ वाट पकडायची. १६५१ च्या सप्टेंबरमध्ये वुस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स नोकराच्या वेशात पळाला, त्या प्रवासाच्या आठवणीने सुमारे हजार किलोमीटरची ही वाट आखली आहे. आपल्याला तिचा अगदी छोटा तुकडा हवा.

या तुकड्यात घाई करू नये, कारण इथेच जमिनीवर लिहिलेला सर्वांत जुना मजकूर आहे. काही कुरणांत गवताखाली समांतर उंचवटे आणि खोलगट पट्टे लाटांसारखे पसरलेले दिसतील. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना ते स्पष्ट उठतात. ही मध्ययुगीन नांगरट आहे. तेव्हा गावाची मोठी उघडी शेते लांबट पट्ट्यांत वाटलेली असत, आणि प्रत्येक कुटुंबाचे पट्टे चहूकडे विखुरलेले असत. नांगर माती एकाच बाजूला पाडत असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या नांगरटीने मध्ये वरंबा चढला. पट्टा टोकाशी किंचित वळलेला असतो, कारण बैलांच्या लांबलचक जोताला वळायला आधीपासून तयारी करावी लागे. पुढे माणसे कमी झाली, मेंढ्या वाढल्या, जमीन कुरणाखाली गेली आणि नांगर पुन्हा न फिरल्यामुळे त्या रेषा राहिल्या.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्या सातबाऱ्याशी जोडलेले आहे. एका दमात बैलांनी ओढायच्या सरीची लांबी फर्लांग, म्हणजे ६६० फूट. रुंदी एक साखळी, म्हणजे ६६ फूट. आणि या पट्ट्याचे क्षेत्रफळ एक एकर. साखळीच्या निम्मे म्हणजे ३३ फूट, आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा. असे चाळीस गुंठे मिळून तोच एकर होतो. तलाठ्याच्या दप्तरातले हे माप ज्या प्रकारच्या शेतातून आले, त्या शेतावर आपण उभे असतो.

याच्या उलट, फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ कुंपणे दिसली तर ती बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असतात. संसदेच्या कायद्यांनी तेव्हा उघडी शेते आणि सामाईक गायरान वाटून कुंपणबंद झाले, आणि गायरानावर एखादी गाय चारणाऱ्या गरिबाचा आधार गेला. वाकडे कुंपण जुने आणि सरळ कुंपण नवे, हा ठोकताळा नेहमीच खरा ठरत नाही, तरी नवख्याला चांगला उपयोगी पडतो.

लॉन्गबरोच्या चर्चमध्ये चार्ल्स कॉकरेल यांचे स्मारक आहे. ते पाहून उत्तरेकडे हार्ट ऑफ इंग्लंड वे या वाटेने निघायचे, आणि थोड्याच वेळात झाडांच्या पलीकडे तांब्याचा हिरवा पडलेला घुमट दिसतो. मोगल घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीवर पुढे आलेले छज्जे, आणि भोवती इंग्लंडच्या मेंढ्या. हे सेझिनकोट. कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये कमावलेल्या पैशातून जॉन कॉकरेल यांनी १७९५ साली ही जहागीर घेतली. तीन वर्षांनी ते वारले आणि ती धाकटे भाऊ चार्ल्स यांच्याकडे आली. त्यांनी सॅम्युएल पेपिस कॉकरेल या वास्तुकार भावाकडून हे घर १८०५ च्या सुमारास उभारले. हिंदुस्थानभर फिरून चित्रे काढलेल्या टॉमस डॅनियल यांचा सल्ला त्यात होता. बागेत सूर्यमंदिर आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसवले आहेत. युवराज जॉर्ज यांनी १८०७ साली हे घर पाहिले, आणि ब्रायटनच्या राजवाड्याला पुढे जे रूप आले त्यात सेझिनकोटचा वाटा मानला जातो. सार्वजनिक वाट उद्यानातून जाते, तिच्यावरून घर लांबून दिसते. जवळून पाहायचे असेल तर ठरावीक महिन्यांत ठरावीक दिवशी तिकिटाने प्रवेश मिळतो, तो दिवस आधी पाहून यावे. पहिल्यांदा मला ते गमतीदार वाटले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो पैसा कोणत्या वर्षांतल्या बंगालचा होता, हे मनातून जाईना.

पुढे चढ चढून बोर्टन-ऑन-द-हिलला पोहोचतो. इथले चर्च हा दिवसाचा दुसरा थांबा. खेड्यातली चर्चे दिवसा सहसा उघडी असतात आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने आत जायला हरकत नसते. दार हळू लावावे, चिखलाचे बूट बाहेर काढावेत, प्रार्थना चालू असेल तर थांबावे. आत आधी खांब पाहावेत: जाड गोल खांब आणि अर्धगोल कमानी नॉर्मन काळातल्या, टोकदार कमानी त्यानंतरच्या. मग भिंतींवरच्या शिळा आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावे वाचावीत. एकच आडनाव दोन-तीनदा आले तर थांबावेसे वाटते. या चर्चची खासियत मात्र वेगळी आहे. इथे १८१६ साल कोरलेली धातूची दोन धान्यमापे, बुशेल आणि पेक, जपून ठेवली आहेत. बाजारातल्या मापाबद्दल तंटा झाला की या प्रमाण मापाशी ताडून पाहत. पायली आणि शेर यांवरून भांडणारी माणसे आपण ऐकली आहेत. त्यांना असा पंच गावात मिळता तर बरे झाले असते.

तिथून बॅट्सफर्डच्या उद्यानाच्या कडेने मोरटनला उतरायचे. जपानमध्ये राहून आलेल्या लॉर्ड रेड्सडेल यांनी लावलेली झाडे इथे आहेत. ऑक्टोबरमध्ये आलात तर मेपलसाठी तास राखून ठेवा, एरवी पुढे जावे.

परतल्यावर

त्याच रात्री चाललेली रेषा नकाशावर पेन्सिलीने गिरवावी आणि वाटेत न उलगडलेल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्यांची उत्तरे ग्लॉस्टर शहरातल्या परगण्याच्या दप्तरखान्यात मिळू शकतात. चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ सालचा आहे. आणि १८३६ च्या कायद्यानंतर झालेल्या टाइद (म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) नकाशांत, जिथे ते उपलब्ध आहेत, शेताशेताचे नाव, मालक आणि कसणारा कूळ यांची नोंद सापडते. पहिल्या भेटीत एकच शेत शोधायचे ठरवून जावे.

दुसऱ्या खेपेसाठी मोरटनच्या अलीकडचे किंगहॅम स्थानक घ्यावे. तिथून तासाभराच्या चालीवर डेल्सफर्ड हे इवलेसे गाव आहे. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्या पूर्वजांची ही जहागीर हातची गेली होती. हेस्टिंग्ज यांनी ती १७८८ साली परत विकत घेतली, त्याच वर्षी संसदेत त्यांच्यावर खटला सुरू झाला आणि तो सात वर्षे चालला. वडगावचा तह धुडकावणारे आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करून घेणारे हेच हेस्टिंग्ज. त्यांचे घर खासगी आहे, तिकडे वळू नये. १८१८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच उन्हाळ्यात, ते इथे वारले. चर्चच्या मागच्या बाजूला, पूर्वेच्या भिंतीबाहेर, कलश असलेले त्यांचे थडगे आहे. फाटक ढकलून आत जावे आणि निघताना ते पुन्हा लावून घ्यावे.